एकशे बारा ग्रॅम

बाहेर त्रेचाळीस. आत बावीस.
हा गारवा आमच्यासाठी नाही.
वाळूजच्या शेडमध्ये माणसासाठी कुणी एसी लावत नाही.
हा मायक्रॉनसाठी. उन्हानं लोखंड सैल होतं,
तीन मायक्रॉन इकडचे तिकडे सरकतात
आणि पुण्याहून आख्खा लॉट परत येतो.

कार्बाइडची कांडी, बारा मिलिमीटर.
कॉलेटात धरायची, दार ओढायचं, हिरवं बटण.
मग हिऱ्याचं चाक येतं तेलाच्या फवाऱ्यातून,
कांडी फिरते, सरकते, पुन्हा फिरते,
तिच्या अंगावर पीळ चढत जातो,
कारल्याचा वेल दोरीवर चढतो तसा, पण अडतीस अंशांत.
एकदा. दोनदा. चारदा.
सात मिनिटं वीस सेकंद.
मी काही करत नाही. मी बघतो.
बघण्याचा पगार मिळतो, हे अब्बांना पटत नाही.

अब्बा, म्हणजे दस्तगीर शिकलगार,
गंगापूर, लासूर, वैजापूर,
सायकल स्टँडवर चढवून जागच्या जागी पायडल मारणारे.
विळ्या, अडकित्ते, शिंप्यांच्या कात्र्या,
आणि एका न्हाव्याचा वस्तरा, जो ते सकाळीच घ्यायचे,
हात ताजा असताना.
लहानपणी मी ठिणग्यांत हात धरायचो.
चटका बसत नाही त्यांचा.
मुंग्या चालल्यासारखं वाटतं.

मे महिन्यात कंपनीनं घरच्यांना बोलावलं.
चहा, बालुशाही, पिवळे गॉगल.
अब्बा माझ्या मशिनीच्या काचेला नाक लावून उभे,
बराच वेळ.
"ठिणगी कुठंय?"
"तेलात विझते."
"दिसत नाय, मग लागायलंय का नाय ते कळतं कसं?"
मी स्क्रीन दाखवला. आकडे हिरवे होते.
आकड्यांकडे बघून त्यांनी मान हलवली,
लग्नात अनोळखी पाहुण्यासमोर हलवावी तशी.

दार उघडलं. एंडमिल निघालं, तेलानं निथळत.
मी थांबा म्हणेस्तोवर त्यांनी ते नखावर टेकवलं,
डाव्या अंगठ्याचं नख, चाळीस वर्षं ह्याच कामाला,
आणि म्हणाले, "लई कोवळी हाय. तुटंल."

गव्हाणे साहेब हसले.
मीही हसलो, साहेबांच्या मागोमाग.

आता सांगायला हरकत नाही,
पुढचं काम तेच असतं.
ताजी धार ब्रशखाली धरून जराशी मारायची, आठ मायक्रॉन,
नाहीतर पहिल्याच पोलादात तिचे टवके उडतात.
आमच्या शीटवर ते दहा नंबरला आहे, छापील.
मी अब्बांना सांगितलं नाही.
तिथं नाही, परतीच्या काळीपिवळीत नाही,
अजूनही नाही.

निघताना त्यांनी भंगाराच्या डब्यातून
एक मोडकं टूल उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.
आमचं भंगार वजनावर जातं, ग्रॅमसकट लिहून.
बघण्याचाच पगार मिळतो मला.
तेवढं एक बघितलं नाही.

रात्री गल्लीत सायकल उभी राहिली.
पायडल. तुकडा दगडाला लावला
आणि असा आवाज निघाला की
समोरच्या घरातली बाई दात धरून बाहेर आली.
ठिणग्या म्हणाव्यात तर दोन-तीन,
तांबूस, आजारी, निघता निघता मेलेल्या.
चाक थांबवून त्यांनी बोट फिरवलं.
दगडालाच चर पडला होता, नखभर खोल.
तुकडा होता तसाच.

मला वाटलं, आता गप्प बसतील,
सायकल आत घेतील, जेवणार नाहीत.
ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.
"आरं, हे तर आपल्यालाच धार लावायलंय!"

सोमवारी भंगाराचं रजिस्टर माझ्यापुढं आलं.
फरक: एकशे बारा ग्रॅम.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, तपासणीसाठी दिले.
कुणाला दिले, असा रकाना नव्हता.