आठ आऱ्यांचं चाक

गावाच्या नावात डास आहे, ढालीवर नाही.
म्युकेनरीड, म्हणजे डासांची दलदल.
तीनशे बारा माणसं. बेकरी एकच,
तीही बुधवारी आणि शनिवारी गाडीतून येणारी.

ढालीवर पाणचक्कीचं काळं चाक,
खाली दोन हिरव्या लाटा,
मागे चांदी.
चांदी म्हणजे पांढरं कापड, सोनं म्हणजे पिवळं,
चिन्हांच्या शास्त्रात असंच लिहायचं असतं.
सरकारदरबारी एवढ्या एकाच ओळीत
हे गाव श्रीमंत आहे.

चाक काढलं शाळेतल्या वीबके बाईंनी,
त्र्याऐंशी साली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
बशी पालथी घालून.
आठ आरे. कोनमापक शाळेत राहिला होता,
आणि त्याच्याशिवाय तेवढेच जमतात:
अर्धं, त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं.

सभेत गिरणीवाल्याची विधवा उभी राहिली,
आडेलहाइड क्रूझे, अंगातला कोटही न काढता.
आमच्या चाकाला बारा होते, म्हणाली.
अभिलेखागाराकडून आलेला माणूस नम्र होता.
बाई, ढाल म्हणजे फोटो नव्हे,
लांबून ओळखू आलं की झालं.
लांबून इथं येतंय कोण?
लोक हसले, आणि हात वर झाले.
एकोणीस विरुद्ध एक.

(शेजारच्या गावाला गाय हवी होती.
तिचा बैल वाटेल म्हणून नाकारली,
मग त्यांनी बादली घेतली, निळ्यावर सोन्याची.
अजून कुणी तिच्याबद्दल विचारलं
की विषय बदलतात.)

हे सगळं मला सांगितलं फोल्कमार टीडगेनं,
फोनवर, मागे इंजिनाची घरघर.
दिवसा तो दुधाचा टँकर चालवतो,
संध्याकाळी सातनंतर महापौर असतो.
जुन्या झेंड्यातलं हिरवं विटून
आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं झालं होतं.
मी झेंडे शिवते. चारशे किलोमीटर लांब,
तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी.
पाचच्या खाली ऑर्डर घेत नाही, मी म्हटलं.
तो जरा गप्प झाला.
आमच्याकडे खांब एकच आहे.

पाच शिवायला घेतले.
ढालीची उजवी बाजू म्हणजे आपली डावी,
हे नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते.
ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं मोजायचं.
आता धरणारं कुणी नाही,
तरी तो मागे उभा आहे असं समजून
आम्ही कापड कापतो.

गुरुवारी पुन्हा फोन. म्हातारा, कोरडा आवाज.
पाचांतल्या एकाला बारा घालाल का?
लाटांबद्दल माझी तक्रार नाही.
कोण बोलतंय हे मी विचारलं नाही.
मी म्हटलं, नियमात बसत नाही.
ती म्हणाली, लांबून दिसणार आहे का?

बारा करायचे म्हणजे आठांत चार घालून भागत नाही.
चारच जागच्या जागी राहतात, उभे आणि आडवे.
बाकीचे चार उसवावे लागतात,
आणि मधल्या जागांत नवे आठ बसवावे लागतात.
सगळ्या मुली गेल्यावर बसले.
उसवलेल्या शिवणीची भोकं
चांदीवर राहिली, टाचणीच्या टोकाएवढी.
घडी घालून तो मी मधे ठेवला,
वर दोन, खाली दोन.

फोल्कमार दर वसंतात खोक्यात हात घालून
हाताला येईल तो चढवतो म्हणे.
उरलेल्यांपैकी एक अग्निशमन दलाच्या जेवणात टेबलावर पसरला,
एक कुणाच्या तरी बटाट्यांवर, दहिवर पडलं तेव्हा.
बारांचा कुठला, हे मीही आता सांगू शकणार नाही.
वर आहे, टेबलावर आहे,
की बटाट्यांवर.

जादा कामाचं बिल मी तिच्या पत्त्यावर पाठवलं होतं,
साडेसहा युरो.
पैसे रोख आले, पाकिटात, सुट्टे.
पाकिटाच्या डिंकाला एक डास चिकटला होता,
पंख पसरलेले, पाय सहाच्या सहा.
मी मोजले.