झडप

एर्मोसियोत जुलैच्या दुपारी स्टिअरिंग
ओल्या फडक्यानंच धरतात.
ओब्दुलिया पुष्पचक्रं पोचवते
जुन्या पांढऱ्या त्सुरूतून, मागची सीट काढून टाकलेली;
आणि निशिगंध काही
ज्यांच्यासाठी जातो त्यांच्याइतका सोशीक नसतो.

"तीनदा गॅस भरला," ती म्हणाली,
गाडी अजून निम्मीच शेडमध्ये होती,
"तीन दुकानं, तीन पावत्या.
आणि वारा कसा, तर तव्यावरून आलेला."

एलेउतेरिओमामा पावत्या वाचत नाही.
आधी कान लावतो.
नुबिया, एसी लाव, म्हणाला मला.
टक्.
क्लचनं कॉम्प्रेसर धरला.
पंखा फिरतोय. पट्टा ताठ.
गेज जोडले: निळा काटा जरा वर,
लाल चांगलाच वर,
तीनदा भरल्यावर दुसरं काय होणार.
जांभळा दिवा घेऊन सांधान् सांधा पाहिला मी,
कुठंतरी पाणी मुरत असणार म्हणून.
कुठंच मुरत नव्हतं.

मग मामानं माझं मनगट धरून
हात जाड नळीवर ठेवला.
गार. घाम फुटलेली,
नुकत्याच फ्रीजबाहेर काढलेल्या बाटलीसारखी.

म्हणजे थंडावा होता.
रोज होता.
दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला,
असे तीन उन्हाळे गेले होते.
तो बिचारा बॉनेटखालून निघायचा,
पत्र्याची भिंत ओलांडायचा
आणि आत, अंधारात,
कुणीतरी हीटरचं दार
उघडं ठेवलेलं असायचं.

ग्लोव्ह बॉक्स काढला.
मी उलटी शिरले डॅशबोर्डखाली, पाय सीटवर,
डोक्यात पेंडीएवढी धूळ.
"फिरवा," मी ओरडले.
ओब्दुलियानं बटण लालावरून निळ्याकडे नेलं.
तार सरकली, झडप हलली,
आणि बोटभर फट ठेवून थांबली.
"अजून." थांबली. "अजून." थांबली.
काहीतरी दातात धरलं होतं तिनं.

चिमट्यात आला
हिरव्या प्लॅस्टिकचा एक काटा,
पुष्पचक्रात खोचतात तसला.
त्याला कार्ड अजून लटकलेलं,
वाळून शेंगेसारखं वळलेलं.

वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कार्डं ती
काचेखालच्या खाचेपाशी ठेवते.
आजही दोन होती तिथं.

तिनं चष्मा शोधला. तो गळ्यातच होता.
"मला यायला जमणार नाही.
जमवायला हवं होतं.
र."

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"हे बारेरांकडचं," ती म्हणाली.
"त्या दिवशीचं सगळ्यांत मोठं चक्र, आणि बिननावाचं.
त्याची आई माझ्या दुकानात येऊन बसली होती,
कुणाचं, कुणाचं म्हणून.
मी सांगितलं, कार्ड नव्हतंच.
कुमारीमातेची शपथ घेऊन सांगितलं."

मामानं जास्तीचा गॅस काढून घेतला, हिशेबानं.
मी तार पुन्हा चिमटीत बसवली.
झडप मिटली तेव्हा आवाज असा झालाच नाही.
आधी आली पाकळ्यांची भुकटी,
कुबट, तपकिरी,
तिच्या काळ्या ब्लाउजवर बसली.
आणि मग गार वारा.
तो तिच्या मानेवर आला
तेव्हा तिनं खांदे आक्रसले,
जसं कुणी मागून नाव घ्यावं.

पैसे किती, विचारलं नाही तिनं.
मामानंही सांगितले नाहीत; उद्या सांगेल, मला माहीत आहे.
कार्ड तिनं सवयीनं काचेखाली ठेवलं,
उचललं,
दातांत धरलं,
आणि गिअर टाकला.

डावीकडे दफनभूमी, तिथं पाचला फुलं पोचायची होती.
उजवीकडे बारेरांची गल्ली.
कोपऱ्यावर त्सुरू थांबली.
इंडिकेटर लागला नाही;
तो तर वर्षभर बंदच आहे.

चारही काचा खाली होत्या.
सांगायचं राहून गेलं आमचं,
की आता वर घेतल्या तरी चालतील.