मूठ

कुर्ऱ्यात नाव निघालं तेव्हा
अब्बा दारव्ह्याच्या बाजारात गादीचं तोंड शिवत होते.
फोन मी केला. म्हणाले,
"थांब, एवढा दोरा संपू दे."

मग लस, मग फोटो पांढऱ्या पडद्यासमोरचा,
त्यात ते आपल्याच मोठ्या भावासारखे दिसतात.
मोबाइलात बोटांचे ठसे येईनात.
पोरगा म्हणाला, हात धुऊन या. धुतले.
पुन्हा नाही.
पंचेचाळीस वर्षांच्या सुईनं
रेषा पार पुसून टाकल्या होत्या.
शेवटी डाव्या करंगळीनं साक्ष दिली.

संध्याकाळी अंगणात सराव.
मधोमध पाण्याचा निळा ड्रम, तो डाव्या हाताला ठेवून
सात फेरे. अम्मी पाचव्यातच बसते गुडघा धरून.
मागून कोंबडी चालते.
तिचे सात पूर्ण होतात.

एहरामचं कापड अकोल्याहून आलं.
दोन तुकडे. शिवण नाही, दुमड नाही, टाका नाही.
अब्बा ते मांडीवर घेऊन बसले
आणि त्यांचा अंगठा कडेवरून सरकत राहिला,
सुई कुठून घालायची ते शोधत.

निघण्याआधी गावाची माफी मागायची असते.
कहा-सुना माफ.
लोक चहा पितात, हात हातात घेतात, झालं.
अब्बांनी पोतं घेतलं, पोत्यात पिंजलेला कापूस.
मला म्हणाले, "तू चल. लिहून घे."
आणि मशिदीच्या वळणावर, माझ्याकडे न बघता:
दर गादीमागं एक मूठ.
लग्नाची गादी असली तर दोन.
"तुझ्या शाळेची फी त्यातच होती, बेटा."

ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
मी काही बोलले नाही.

कौतिकाबाई ढोरे हसल्या पोट धरून.
"मले का मालूम नोयतं? म्या डोयानं पाह्यलं.
म्हून तं तुले दर बारी
दोन रुपये कमी देल्ले."

मोहोडांच्या घरचा म्हातारा गेलेला.
त्याची गादीही नदीवर टाकून आले होते.
सुनेनं मूठ पदरात घेतली,
वाती वळीन म्हणाली.

महादेव कुबडे मात्र उठून आत गेला
आणि ताणकाटा घेऊन आला.
"माफ-गिफ नाही. मोजून घेतो."
चार गाद्या, सहा उशा, एक पाळण्यातली.
काट्याकडे बघत म्हणाला, अजून टाक.
अब्बांनी टाकला.
अजून.
टाकला.

परत येताना अब्बांची चाल हलकी.
मला राग आला होता, तो त्यांना दिसला.
म्हणाले, "बाकीच्यांनी माफ केलं.
याचं फिटलं."

जायच्या आदल्या रात्री बॅगेचं वजन करायचं होतं,
आणि ताणकाटा गावात एकाच घरी.
महादेव स्वतःच आला.
हुकाला बॅग अडकवली, दोन्ही हातांनी उचलली,
बॅटरी मारून आकडा वाचला:
"चारशे ग्रॅम जास्त हाये."
अम्मीनं जवसाच्या चटणीची बरणी काढली,
पुन्हा ठेवली, पुन्हा काढली.
शेवटी ती महादेवच्या हातात दिली.
"येईपर्यंत ठेवतो," तो म्हणाला,
आणि बरणीही काट्याला लावून पाहिली.

पहाटे नागपूरची गाडी आली.
अब्बांनी गाडीत बसायच्या आधी
पिंजणीची तात सैल केली,
उन्हानं तुटू नये म्हणून.

घर झाडताना पोतं उचललं.
तळाशी थोडा कापूस उरला होता.
यादी तीनदा वाचली, कोणाचाच निघेना.
तो मी हातात घेतला.
माझी मूठ
त्यांच्यापेक्षा लहान भरते.