तीन सूर, हानुसचे

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
पट्ट्यावरून हॅडॉक सरकत राहतात
आणि यंत्रांच्या घरघरीखाली
कुणाला ऐकू न जाता गुणगुणता येतं.
तिथंच झाली माझी बहुतेक गाणी,
रबरी हातमोज्यांत, खवल्यांच्या वासात.
लिहून घ्यायला हात कोरडे नसायचे,
म्हणून घोकत घोकत घरी यायची.

पहिलं गाणं मी असंच पाठवून दिलं होतं
कोपनहेगनच्या एका माणसाला, मिक्सिंगसाठी.
पैसे दिले. पावतीही मागितली नाही.
फोनवर तो इतकं गोड बोलायचा
की कागदाचं नाव काढणं म्हणजे
जेवायला बसलेल्याला ताटाची किंमत सांगणं वाटलं.
दोन वर्षांनी सुदुरॉयच्या बोटीवर,
कॉफीच्या रांगेत उभी असताना,
वर टांगलेल्या टीव्हीतून माझं गाणं आलं
दुसऱ्याच बाईच्या गळ्यातून,
विम्याच्या जाहिरातीत.
फोन केला तर म्हणाला, मांडणी माझी,
मूळ ट्रॅक माझ्याकडे. तुझ्याकडे काय आहे?
माझ्याकडे होते ओले हातमोजे.

या खेपेला मार्युनने कागद केला.
ती शाळेत गणित शिकवते; तिची वाक्यंही
बरोबरच्या चिन्हाला धरून उभी राहतात:
शब्द सोल्रुनचे. चाल सोल्रुनची.
मजुरी चुकती झाली की ध्वनिमुद्रणही तिचंच.
सुटे ट्रॅक झाडून सगळे परत करायचे,
तिला विचारल्याशिवाय कुणाला ऐकवायचे नाहीत.
वाजवणाऱ्यांची नावं छापली जातील.
खाली रेघ, सहीसाठी.

बर्गनहून आस्लाक आला, दोन पेट्या मायक्रोफोन घेऊन.
मी कागद पुढे केला, कॉफीच्याही आधी,
आणि माझेच कान गरम झाले.
त्याने दोनदा वाचला. "माझा संशय येतो का?"
म्हटलं, कारखान्यात प्रत्येक खोकं दोनदा तोलतात,
म्हणून तोलणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही.
तो हसला की नाही, आठवत नाही. पेन त्याचंच होतं.

हानुसनेही सही केली, न वाचता.
सोळा वर्षं समुद्रावर, डाव्या करंगळीचं टोक
दोरखंडाने नेलेलं, तरी बेस असा वाजवतो
जणू अंधारात ओळखीचा जिना उतरतोय.

मासळी सुकवायच्या जुन्या शेडमध्ये,
रात्री साडेबाराला, दुसरं कडवं संपतं तिथं,
जिथं मी नेहमी नुसता श्वास घ्यायची,
त्याने तीन सूर ठेवले.
खाली, अजून खाली, आणि मग एक, अर्धवट वर.
आस्लाकचा हात बटणावर तसाच राहिला.
गाणं तिथून वेगळंच झालं.
आधी ते बापाच्या बोटीचं होतं;
आता बोटीखालचं पाणीही त्यात आलं.

हानुस काही बोलला नाही.
मेंढ्या बघायला निघून गेला.

कागदाप्रमाणे ते सूर माझे.
मार्युनचं गणित बिनचूक होतं.
पहाटेपर्यंत मी छताकडे बघत पडले
आणि कोपनहेगनच्या त्या माणसाचा गोड आवाज
माझ्याच घशात कुठेतरी
खाकरत राहिला.

सकाळी हानुसला कुंपणापाशी गाठलं.
कागदाच्या समासात, पेनाने लिहिलं:
दुसऱ्या कडव्यानंतरचे तीन सूर हानुसचे.
चालीचा दहावा हिस्सा त्याचा.
"तीन सुरांना दहावा हिस्सा?" तो म्हणाला,
"जास्त होतंय. मार्युनला विचार."
मार्युनला विचारलं. ती म्हणाली, आठवा.
खांबावर कागद टेकवून
दोघांनी सह्या केल्या, वाऱ्याशी झोंबत.

सुट्या ट्रॅकची निळी डिस्क आता
पावाच्या डब्यात असते.
मी परत पट्ट्यावर. हॅडॉक सरकतात.
गुणगुणताना दुसरं कडवं संपतं
आणि सुरी आपोआप थबकते,
तेवढी जागा सोडून.
शेजारची बिर्ना विचारते, काय झालं?
काही नाही, म्हणते.
एवढा भाग माझा नाही.