आज किती वॅट्स?

हलमध्ये टेलिफोनचे बूथ लाल नाहीत,
दुधावरच्या सायीच्या रंगाचे आहेत.
आता त्यांतून सहसा कुणी बोलत नाही.
बोलायचं असलेले रात्री आम्हाला फोन करतात,
स्प्रिंग बँकवर, चावीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत.
दोन खुर्च्या, दोन फोन, एक हीटर,
जो नेहमी कुणातरी एकीचेच पाय शेकतो.

डोरीनला ‘वत्सला’ म्हणता येईना.
तिनं माझं वॅट्स केलं,
आणि त्यावर स्वतःच खूश होऊन
दर शिफ्टच्या शेवटी विचारू लागली,
आज किती वॅट्स?
मी म्हणायची, साठ.
साठ म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही.
खरे असायचे पंधरा,
फ्रिजमधल्या दिव्याइतके,
दार उघडलं तरच लागणारे.

मग दुसरा प्रश्न: घरी काय नेतेस?
काही नाही. पर्स. छत्री.
ती स्वतः कोट घालायची नाही, मला घालू द्यायची नाही.
किटली दुसऱ्यांदा उकळायची.

मला हे नवीन होतं.
आमच्याकडे पंगतीत वाढणारी
सगळ्यांच्या शेवटी बसते,
गार भात, आमटीचा तळ,
तिला कुणी आग्रह करत नाही,
मीठ हवं तर तीच उठते.
इथे एक सत्तरीची बाई,
जन्मभर मासळीच्या धक्क्यावर राबलेली,
बोटांवर सुरीचे जुने व्रण,
पहाटे चार वाजता माझ्यासमोर
वाढायला थांबली होती.

आठव्या महिन्यात सांगितलं.
एक माणूस.
पोपटाचा पिंजरा कसा धुतो ते सांगत होता,
आधी कोमट पाणी, मग व्हिनेगर, मग उन्हात.
मग म्हणाला, झाला स्वच्छ,
आणि फोन ठेवला.
पुढचं कळलं नाही. कळणारही नाही.
तेव्हापासून मी तो पिंजरा रोज घरी नेत होते,
बसमध्ये मांडीवर,
दोन्ही हातांनी धरून.

डोरीन म्हणाली नाही की तुझी चूक नव्हती.
म्हणाली, जड असेल.
आणि रोस्टरमधलं माझं नाव खोडलं.
ती सगळ्यांची नावं पेन्सिलीनंच लिहिते
हे तेव्हा लक्षात आलं.

सहा आठवडे मी हंबरच्या काठानं चालले,
गढूळ पाणी, लांबलचक पूल.
एका रविवारी अकरा भाकऱ्या भाजल्या,
खाणारं कुणी नसताना.
परत आले तेव्हा त्याच रकान्यात,
खोडलेल्या डागावरच,
तिनं पुन्हा लिहिलं: वॅट्स.

काय शिकलीस म्हणाल तर फार थोडं.
‘होईल सगळं नीट’ म्हणायचं सोडलं.
मुलगा ब्रिस्टलहून फोन करतो,
नोकरीचं रडगाणं. मी मध्ये पडत नाही.
आई, लाइन गेली का?
नाही रे. आहे.
मग तो आणखी वीस मिनिटं बोलतो.

डोरीनचा खुबा बदलला. हा जिना तिला चढवत नाही.
तिची खुर्ची आता माझी; हीटर दुसऱ्या खुर्चीकडे वळवलाय.
काल अगाताची पहिली रात्र.
बावीस वर्षांची, दिवसा कॅराव्हॅनच्या कारखान्यात
पडदे शिवते. बोटांना दोऱ्याचे कात्रे.
वॅट्सचा हिशोब तिला समजावला.
मग विचारलं, किती?
साठ, ती म्हणाली. लगेच.
मी किटली पुन्हा लावली.
ती बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली,
मग म्हणाली, आणि तुझे?

अकरा वर्षं.
अकरा वर्षांत हे मी डोरीनला
एकदाही विचारलं नव्हतं.

घरी पोचले, दारातूनच फोन लावला.
डोरीन, आज किती?
हसली. साठ, म्हणाली.
मग काही नाही.
मग तिच्या खिडकीवरचे सीगल,
मग परत काही नाही.

मी कोट काढून ठेवला.