सावदा, सहा हजार दोनशे टन

पत्र आलं स्टेशन मास्तरांच्या नावानं,
ब्रेमेनहून, तिकिटावर कुठल्याशा पुलाचं चित्र.
मास्तर रजेवर. म्हणून फोडलं मी,
गुड्स क्लार्क, केळीच्या वॅगना मोजणारा.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या.
वडील पाणबुडीवर कमांडर, ओटमार लिंडेके.
पाच गस्ती, अकरा जहाजं, गळ्यात क्रॉस.
सहाव्या गस्तीला निघाले ते निघालेच.
बाई तेव्हा दीड वर्षाच्या.

अकरांतली दहा सापडतात, लिहिलं होतं,
मालकांच्या वह्यांत, विम्याच्या कागदांत.
अकराव्याचा पत्ता नाही.
नोंद वडिलांच्या हातची, जुलै त्रेचाळीस, हिंदी महासागर:
दोन टॉर्पेडो. बुडायला एकोणीस मिनिटं.
वाचलेल्यांनी सांगितलेलं नाव सावदा.
अंदाजे सहा हजार दोनशे टन.
आणि नकाशावर हे नाव एकाच ठिकाणी,
समुद्रापासून शंभर कोसांवर.
तुमच्या गावाच्या नावाचं जहाज होतं का?

मी आधी हसलो.
आमच्याकडून तापीसुद्धा वळसा घालून जाते.
वॅगनला बारा टन धरले
तर पाचशे सतरा वॅगना सावदा बुडालं,
फलाटासकट, काट्यासकट,
एकोणीस मिनिटांत. पॅसेंजर तेवढी लेट असतेच.

गुलशेर तडवी घड उतरवत होता.
पालकडचा, हमालांत सगळ्यात म्हातारा.
गंमत म्हणून वाचून दाखवलं त्याला,
इंग्रजीतून मराठीत, ठेचकाळत.
तो काट्यावरच बसला.
सुई अठ्ठेचाळीस किलोवर गेली
आणि थरथरत राहिली.

‘त्याले मीच सांगतलं, भो.’

भुसावळच्या शेडमधून पळालेला पोरगा,
बोटीवरही कोळसाच झोकायचा, पगार दुप्पट.
पाण्याच्या खाली बारा हात.
‘तो बी खाली, मी बी खाली.
मधी पत्रा.’
साहेबांची होडी उलटली.
दुसरीत सात जण, सगळे भट्टीवाले,
इंग्रजी कुणालाच येईना.
मग डोहातून म्हैस निघावी
तशी ती वर आली, पाणी निथळत, फुत्कारत.
वर एक दाढीवाला, पोरसवदाच,
पायात कापडी बूट, हातात वही.
ओरडून काहीतरी विचारलं त्यानं.
वही घेतलेला माणूस काय विचारतो?
तिकीट कुठलं, माल कुठला, तू कुठला.
गुलशेर उभा राहिला, होडी हलली.
म्हणाला, सावदा.
त्यानं दोनदा म्हणून पाहिलं. मग लिहिलं.
पाण्याचा एक डबा खाली सोडला,
मावळतीकडे हात केला
आणि बुडाला.
‘आपल्या मर्जीनं बुडनारा मानूस
म्या तवा पयल्यांदा पाह्यला.’

अकरा दिवस.
सातव्या रात्री रत्नागिरीचा एक
घरी जाऊन येतो म्हणाला आणि उतरला.
किनाऱ्याला लागले चार.

ही गोष्ट वीस वर्षं
चहाच्या वेळी तो सांगत आला होता.
आम्ही त्याला दर्यावर्दी म्हणून चिडवायचो.

मी कागद घेतला. काय लिहू?
की तुमचे वडील बरोबर ऐकत होते?
की डबा एकच होता?
गुलशेर म्हणाला, ‘ते लिही काहीबी.
तो बुडाला तवा वर कोनी व्हतं का,
इचारायले, कुठला म्हनून?
हे इचार बाईले.’

मग मला कामाचं सुचलं.
जहाजाचं खरं नाव तरी सांग,
बाईंची यादी पुरी होईल.

तो आठवत बसला.
पुढचा रेक लागला, घड चढायला लागले,
मुकादमानं दोन हाका मारल्या.
‘पांढऱ्या अक्षरात व्हतं,’ म्हणाला, ‘लांबलचक.
आम्ही तिले बोटच म्हनो.’