सामू

सोमवारी पाणी दुधाळ झालं.
मंगळवारी त्यावर साय धरली.
म्हणजे फेसच, पण मेट्रो साय म्हणतो,
उभा जन्म डेअरीत काढलेला माणूस.

गुडघ्यासाठी घेतला हा टब,
बंद पडलेल्या मोटेलच्या लिलावातून.
ट्रेलरवर पालथा घालून आणला,
कासव आणावं तसा.
आता मागच्या अंगणात, उणे सव्वीसात,
रात्रभर वाफा टाकत बसतो
आणि त्याला औषधं लागतात,
माझ्याहून जास्त.

कुठून आणायची, एवढंच ठरत नाही.

ब्रँडनचं मोठं दुकान.
दोन तास जायला, दोन यायला,
रस्त्यावर वाऱ्याने सरपटणारा बर्फ,
पण ब्रोमीनचा डबा अठरा डॉलरने स्वस्त.
मेट्रोने वहीत पेट्रोल मांडलं,
वाटेतली कॉफी मांडली,
तिथे पोचल्यावर आपण नको ते काय काय उचलू
तेही मांडलं
आणि वही मिटली.

टपालाने मागवावं, तर
स्टेफानियाच्या सुनेने मागवलं होतं गेल्या जानेवारीत.
बाटली गोठून आली, बूड तडकलेली.
शिवाय पाण्याला झालंय काय
हे टपालवाला थोडंच सांगणार.

उरलं आमच्या डॉफिनमधलंच,
व्हर्लीन हालुश्काचं.
चालत सात मिनिटं.
गुडघा धड होता तेव्हा पाच.

सतरा हिवाळे तिच्या हाकेवर मी बर्फ झाडला.
ती पलीकडच्या टोकाला उभी राहून ओरडायची
आणि मी दगडापुढे वाकून ब्रश चालवायची,
बेचाळीस पौंडांचं ग्रॅनाइट
माझ्या घामावर वळायचं.
मग प्रांताच्या स्पर्धेला आठ दिवस उरले असताना
माझ्या जागी तिची भाची.
"तुझा गुडघा, ओरिसिया," एवढंच म्हणाली,
क्लबच्या पार्किंगमध्ये,
गाडीचं इंजिन चालू ठेवून.

तीन वर्षं मी तिला पाण्यात पाहतेय.
आता खरोखरच पाण्यात बसते
तर तीच दिसते.

शुक्रवारी काकडीच्या लोणच्याची बरणी घेतली,
कोपरापर्यंत हात बुडवून
खालचं पाणी भरलं.
"नुसतं तपासून आणते," मेट्रोला म्हटलं,
"तपासणी फुकट असते."
तो म्हणाला, बरणी धुतलीस ना?

व्हर्लीनने बरणी दिव्यासमोर धरली.
झाकण काढलं. हुंगलं.
"शेपू," म्हणाली.
पट्टी बुडवली, रंग लावून पाहिले
डब्यावरच्या रंगांशी, चष्मा कपाळावर.
"सामू फार खाली गेलाय.
आता हा तुझ्या टबाचा
की तुझ्या व्हिनेगरचा, देव जाणे."

मी हसणार नव्हते.

तिने कोट चढवला,
दारावर 'आलेच'ची पाटी उलटी टांगली
(ती तिथे कायम उलटीच असते)
आणि पट्ट्यांची डबी खिशात टाकून निघाली.
सात मिनिटांच्या वाटेला अकरा लागली.
ती हळू चालत होती. माझ्याकडे न बघता.
हवामानाबद्दल बोलली. भाचीबद्दल नाही.

अंगणात झाकण मी एका बाजूने उचललं, तिने दुसऱ्या.
बाही वर सारून तिने हात घातला,
आणि बाहेर काढला तेव्हा
मनगटावरची लव क्षणात पांढरी झाली.
पट्टी धरून आम्ही दोघी उभ्या,
पंधरा सेकंद मोजायचे असतात.
ती मोठ्याने मोजत होती.
तिचा तो आवाज. तोच.
माझे हात आपोआप मुठी वळले,
जसा काही ब्रश धरलाय.

"क्षारता आधी वाढव," म्हणाली, "मग बाकीचं.
आणि आत बसण्याआधी अंघोळ करत जा दोघं.
तो फेस तुमच्या साबणाचा आहे."

मी परत तिच्यासोबत दुकानापर्यंत गेले.
लहान डबा घेतला.

मेट्रो वही घेऊन बसलाय.
मोठा घेतला असता तर किती वाचले असते
ते दोनदा मांडून दाखवलं त्याने.
हा तर महिन्यात संपेल, म्हणतो.

संपेल.